पन्नास केसेस, पन्नास कंट्रोल्स : एमडीच्या गाईडना खुले पत्र

सन्माननीय सहकाऱ्यांनो,

स.न.वि.वि.

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत एमडी-एमएसच्या रेसिडेंटच्या प्रबंधाचे गाईड म्हणून जे काम करतात, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. मी तुमच्यातलीच एक. सूक्ष्मजीवशास्त्र ३१ वर्षे शिकवलं, त्यातली १९ वर्षे गाईड होते. निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा), मास्टर चार्ट (सगळ्या नोंदींचा तक्ता) आणि बाइंडिंगवाला या तिन्हींतून सुटले. पण माझे विद्यार्थी आता स्वतः गाईड झालेत आणि त्यांचे रेसिडेंट ‘मॅडमना एकदा दाखवून ये’ म्हटल्यावर घरी येतात. येतात तेव्हा बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

मागच्या महिन्यात असाच एक मुलगा आला. विषय होता सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याच्या) लवकर निदानासाठी रक्तातल्या एका मार्करचा, म्हणजे आजाराची खूण सांगणाऱ्या घटकाचा, उपयोग. केसेस, म्हणजे आजार असलेले रुग्ण, ५०: आयसीयूत दाखल, ब्लड कल्चर पॉझिटिव्ह (रक्ताच्या नमुन्यातून जंतू वाढलेले), बहुतेक जण व्हेंटिलेटरवर. कंट्रोल्स, म्हणजे तुलनेसाठी घेतलेले लोक, ५०: ‘एज अँड सेक्स मॅच्ड हेल्दी व्हॉलंटियर्स’, म्हणजे रुग्णालयातलेच कर्मचारी आणि पेशंटसोबत आलेले नातेवाईक. मी त्याला विचारलं, “बाळा, व्हेंटिलेटरवरचा पेशंट कोणता आणि खाली त्याच्यासाठी डबा घेऊन बसलेला भाऊ कोणता, हे ओळखायला तुला रक्ततपासणी लागते का?” तो हसला. मग जरा वेळाने म्हणाला, “मॅडम, पण सगळे असंच करतात.”

त्याचं म्हणणं खरं आहे, म्हणून हे पत्र त्याला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. आणि तरी नव्या तपासणीवरचे आपले कितीतरी प्रबंध दोन-तीन वर्षं खपून हातच्या कांकणालाच आरसा दाखवतात. ज्यांचा आजार पायऱ्यांवरूनही ओळखता येईल असे रुग्ण एका बाजूला, ज्यांना काहीच झालेलं नाही असे लोक दुसऱ्या बाजूला. टेस्टने दोघांना वेगळं केलं, पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.००१ च्या खाली आली, निष्कर्ष तयार.

कोणाकडे बोट दाखवल्यासारखं होऊ नये म्हणून स्वतःच्या प्रबंधापासून सुरुवात करते. साल १९८८. विषय: फुप्फुसाच्या क्षयाच्या निदानासाठी रक्तातली अँटिबॉडी शोधणारी एलायझा. केसेस ६०, सगळे छातीच्या वॉर्डातले, बेडक्यात जंतू भरभरून दिसणारे, कित्येकांच्या एक्स-रेत पोकळी पडलेली. कंट्रोल्स ५०, रक्तपेढीत आलेले रक्तदाते आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी. साठांपैकी ५३ पॉझिटिव्ह, म्हणजे सेन्सिटिव्हिटी (आजारी माणसं पकडण्याचं प्रमाण) ८८ टक्के. पन्नासपैकी ४८ निगेटिव्ह, म्हणजे स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९६ टक्के. आमचे सर खूश होते. परीक्षकांनी एकच अवघड प्रश्न विचारला, तो प्लेटला अँटिजेन चिकटवताना वापरलेल्या बफरच्या पीएचबद्दल. रुग्ण कुठून आणले, कंट्रोल्स कुठून आणले, हे कोणी विचारलं नाही. मलाही त्यात काही खटकण्यासारखं दिसलं नव्हतं. उलट, कंट्रोल्स अगदी ठणठणीत निवडले याचा मला अभिमान होता!

आता जरा त्याच वर्षीची आमची छातीची ओपीडी आठवा. तीन आठवडे खोकला घेऊन आलेला विडी ओढणारा शेतकरी. पावसाळा लागला की धाप लागणारी दम्याची बाई. दहा वर्षांपूर्वी क्षयाचा पूर्ण कोर्स घेतलेला आणि फुप्फुसावर वण राहिलेला माणूस. मधुमेहातला न्यूमोनिया. सूतगिरणीतला कामगार. यांच्यापैकी क्षय कोणाला, हा खरा प्रश्न; टेस्टची गरज पडते ती तिथे. आणि यांतला एकही माणूस माझ्या प्रबंधात नव्हता, ना केसेसमध्ये ना कंट्रोल्समध्ये. तांदळात लिंबाएवढे धोंडे मिसळावेत, चाळणीने ते वेगळे काढावेत आणि चाळणी उत्तम असं सर्टिफिकेट द्यावं, तशातला प्रकार. तांदळाएवढेच आणि तांदळासारखेच पांढरे खडे घरोघरी निवडावे लागतात, त्यांचं काय?

माझा प्रबंध विभागाच्या कपाटात गेला, त्याने कोणाचं बिघडवलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. पण तशाच घडणीच्या अभ्यासांच्या आधारावर जगभर क्षयाच्या रक्ततपासणीचे किट विकले जात होते. रक्तातून क्षय ओळखण्याची खटपट जुनी. कॉखने १८८२ मध्ये जंतू दाखवला आणि १८९८ मध्ये फ्रान्समध्ये आर्लोइंगने रक्तद्रवाची पहिली तपासणी करून पाहिली. पुढची शंभर वर्षं ती आशा सुटली नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकापासून खासगी लॅबच्या छापील फॉर्मवर ‘टीबी आयजीजी’, ‘टीबी आयजीएम’, ‘टीबी आयजीए’ असे अँटिबॉडीच्या प्रकारांचे चौकोन आले. बेडका काढायला लावणं किळसवाणं, रक्त देणं सोपं, आणि रिपोर्ट संध्याकाळी हातात. डॉक्टरांनाही सोयीचं, लॅबलाही.

२००७ च्या सुमारास आमच्या वॉर्डात एक सव्वीस वर्षांची मुलगी दाखल झाली. खोकला होता म्हणून गावाजवळच्या दवाखान्यातून शहरात रक्त पाठवलं गेलं, आयजीएम पॉझिटिव्ह आलं, क्षयाची औषधं सुरू झाली. दुसऱ्या महिन्यात औषधांनी कावीळ झाली. तोवर बेडका एकदाही तपासलेला नव्हता. आम्ही तपासला, स्वच्छ निघाला, कल्चरमध्येही काही वाढलं नाही. तिला दमा होता. कावीळ उतरली, पंपाने खोकला थांबला. जाताना तिच्या वडिलांनी मला रिपोर्टचा कागद दाखवून विचारलं, “मग बाई, ह्यात लिहिलं होतं ते काय होतं?” किटसोबत येणारी घडीची चिठ्ठी मी नंतर मागवून वाचली. सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी दोन्ही नव्वदीच्या आसपास. खाली अभ्यास दिला होता: खात्रीचे क्षयरुग्ण आणि निरोगी रक्तदाते. माझाच प्रबंध मी वाचते आहे असं वाटलं.

त्या किटचं सत्य बाहेर कसं आलं, हे रेसिडेंटना तपशिलात सांगण्यासारखं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या टीडीआर या कार्यक्रमाने बाजारातले १९ झटपट किट घेतले आणि साठवून ठेवलेल्या ३५५ रक्तनमुन्यांवर लावून पाहिले. हे नमुने क्षयाचा संशय घेऊन दवाखान्यात आलेल्या लोकांचे होते. त्यातल्या काहींना क्षय होता, काहींना नव्हता, पण खोकत सगळेच आले होते. २००८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सेन्सिटिव्हिटी, किटनुसार, १ टक्क्यापासून ६० टक्क्यांपर्यंत. स्पेसिफिसिटी ५३ पासून ९९ पर्यंत. ज्यांची स्पेसिफिसिटी बरी त्यांची सेन्सिटिव्हिटी खड्ड्यात, आणि उलटही. टेस्ट त्याच होत्या, रसायनंही तीच. फक्त रुग्ण खरे आले होते.

नंतर जगभरातले ९४ अभ्यास एकत्र तपासून जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०११ मध्ये सांगितलं की सक्रिय क्षयाच्या निदानासाठी या रक्ततपासण्या वापरू नयेत. क्षयाच्या बाबतीत ‘हे करू नका’ असा स्पष्ट सल्ला संघटनेने दिल्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा अशा तपासण्या वर्षाला १० लाखांहून अधिक होत होत्या. या किटपैकी बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेत तयार होत, पण कोणत्याही मान्यताप्राप्त नियामकाची त्यांना मंजुरी नव्हती, आणि त्यांचं गिऱ्हाईक प्रामुख्याने आपल्यासारख्या देशांत. फुप्फुसाच्या क्षयावरच्या अभ्यासांचा स्वतंत्र आढावा निघाला, त्यात वेगवेगळ्या अभ्यासांतली सेन्सिटिव्हिटी शून्यापासून शंभरापर्यंत पसरलेली होती. शून्यापासून शंभर! वजनकाट्याबद्दल असं कोणी सांगितलं असतं तर आपण तो भंगारात दिला असता. जून २०१२ मध्ये भारत सरकारने या किटच्या आयात, उत्पादन, विक्री आणि वापरावर बंदी घातली.

बंदी आली आणि लॅबच्या फॉर्मवर त्याच जागी ‘टीबी गोल्ड’ दिसू लागलं. ती वेगळी तपासणी आहे. शरीराची कधी या जंतूशी गाठ पडली आहे का, एवढंच ती सांगते. आजार आज चालू आहे का, हे तिला कळत नाही. आपल्या देशात साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास प्रौढांमध्ये हा जंतू निपचित पडून असतो, तेव्हा तिचं पॉझिटिव्ह येणं ही काही बातमी नाही. सक्रिय क्षयाच्या निदानासाठी ही तपासणी वापरू नये, हेही जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगितलेलं आहे. तरी अजून फाइलमध्ये तिचा कागद लावून रुग्ण येतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

क्षयाचं उदाहरण मला जवळचं म्हणून लांबवलं, पण हे दुखणं तेवढ्यापुरतं नाही. आतड्याच्या कर्करोगासाठी सीईए नावाचा मार्कर माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सापडला. १९६९ मधल्या अभ्यासात आतड्याचा पुढे गेलेला कर्करोग असलेल्या ३६ जणांपैकी ३५ जणांत तो वाढलेला आढळला. आता एका थेंबात कर्करोग कळणार असं वाटू लागलं. पुढे सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण आणि पोटाचे इतर आजार असलेले लोक घेऊन पाहिल्यावर तो उत्साह ओसरला. आज सीईए आपण शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्यासाठी वापरतो, निदानासाठी नाही. १९७८ मध्ये रॅन्सोहॉफ आणि फाइनस्टाइन यांनी या प्रकाराला नाव दिलं, स्पेक्ट्रम बायस. आणि १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या लायमर आणि सहकाऱ्यांनी ते मोजून दाखवलं: पक्के रुग्ण विरुद्ध निरोगी अशी मांडणी असलेल्या अभ्यासांत टेस्टची ताकद दाखवणारा ऑड्स रेशो सरासरी तिप्पट फुगतो.

हे झालं सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटीबद्दल. त्याहून मोठी फसगत पुढच्या ओळीत असते. प्रबंधात शेवटी ‘पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू’ (पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे आजारी किती) दिलेली असते, आणि ती जवळजवळ नेहमी निरर्थक असते. समजा सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी दोन्ही खरोखरच ९० टक्के आहेत. पन्नास केसेस, पन्नास कंट्रोल्स घेतले तर ४५ खरे पॉझिटिव्ह, ५ खोटे. प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू ९० टक्के. छान दिसतं. आता तीच टेस्ट ओपीडीत न्या. खोकला घेऊन आलेल्या १००० जणांत ५० जणांना क्षय आहे असं धरा. खरे पॉझिटिव्ह ४५. उरलेल्या ९५० मधले दहा टक्के, म्हणजे ९५ खोटे. हातात आलेल्या १४० पॉझिटिव्ह रिपोर्टपैकी क्षय ४५ जणांनाच, ३२ टक्के. प्रबंधातला नव्वदचा आकडा कुठून आला? रेसिडेंटने केसेस आणि कंट्रोल्स समान घ्यायचं ठरवलं तिथून. निसर्गाने तसं काही ठरवलेलं नव्हतं. मी परीक्षक असताना हा तक्ता दिसला की तोंडी परीक्षेत हेच गणित फळ्यावर करायला लावायची. मुलं घामाघूम व्हायची, आणि बाहेर गाईड माझ्यावर नाराज.

आता टायफॉइडच्या विडाल तपासणीकडे येते, कारण त्याशिवाय महाराष्ट्रातल्या कोणत्याही लॅबबद्दलचं बोलणं पुरं होत नाही. विडालने १८९६ मध्ये पॅरिसमध्ये ही तपासणी मांडली. सव्वाशे वर्षांहून जास्त झाली आणि अजूनही तालुक्याच्या गावी दोन दिवसांचा ताप म्हणजे विडाल. १:८० आलं (रक्तद्रव ऐंशीपट पातळ करूनही गुठळी दिसली) की टायफॉइड, १:१६० आलं की ‘भारी टायफॉइड’. ज्या भागात टायफॉइडचा जंतू सतत फिरतो तिथे निरोगी माणसाच्या रक्तातही असे आकडे सापडतात. म्हणून आठवड्याच्या अंतराने दोन नमुने घेऊन चौपट वाढ पाहावी असं पुस्तकात आहे. पुस्तकातच आहे.

पण विडालवरच्या किंवा तिच्याऐवजी आलेल्या नव्या झटपट टेस्टवरच्या प्रबंधांत वेगळीच गुंतागुंत आहे. तुलना कशाशी करायची? ब्लड कल्चरशी, कारण तो ‘गोल्ड स्टँडर्ड’, म्हणजे पक्की मानलेली तपासणी. आणि हा गोल्ड स्टँडर्ड टायफॉइडच्या साधारण साठ टक्के रुग्णांनाच पकडतो. आधी अँटिबायोटिक घेतलं असेल तर त्याहून कमी, आणि आपल्याकडे कल्चरची बाटली भरेपर्यंत मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या पोटात गेलेल्याच असतात. म्हणजे समजा नवी टेस्ट खरंच चांगली आहे आणि तिने कल्चरला न सापडलेला रुग्ण ओळखला, तर आपल्या तक्त्यात ती चूक म्हणून नोंदली जाते. उलटही घडतं. नवी टेस्ट आणि जुनी टेस्ट दोन्ही एकाच कारणाने चुकत असतील, तर दोघींचं एकमत हा पुरावा वाटतो. रेसिडेंटने अशा वेळी काय करावं? अस्थिमज्जेचं कल्चर जास्त रुग्ण पकडतं, पण तापाच्या प्रत्येक पेशंटच्या हाडात सुई घालणं योग्य नाही. मग निदान एवढं तरी प्रामाणिकपणे लिहावं की कल्चरचा आधार लंगडा आहे, अँटिबायोटिक घेतलेले आणि न घेतलेले रुग्ण वेगळे दाखवावेत, आणि कंट्रोल म्हणून मलेरिया, डेंगी, स्क्रब टायफस असे दुसऱ्या कारणाने तापलेले लोक घ्यावेत. रक्तदाते नकोत. तापात टायफॉइड कोणता, हाच तर प्रश्न आहे.

मेडिसिन आणि कार्डिऑलॉजीच्या गाईडना वाटेल, हे सगळं लॅबवाल्यांचं दुखणं. तसं नाही. हृदयाच्या ट्रेडमिल टेस्टवरचे (टीएमटी) अभ्यास पाहा. टीएमटी पॉझिटिव्ह आली की अँजिओग्राफी होते, निगेटिव्ह आली की पेशंट घरी जातो. मग ‘अँजिओग्राफी झालेले रुग्ण’ एवढेच घेऊन हिशेब मांडला की टीएमटीने चुकवलेले बहुतेक रुग्ण हिशेबातच येत नाहीत, कारण त्यांची अँजिओग्राफी झालीच नाही. सेन्सिटिव्हिटी आपोआप चढते. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८१४ जणांकडून आधीच कबूल करून घेतलं होतं की टीएमटी काहीही येवो, अँजिओग्राफी करायचीच. तिथे सेन्सिटिव्हिटी ४५ टक्के निघाली आणि स्पेसिफिसिटी ८५. पंचेचाळीस. एफएनएसीची (सुईने काढलेल्या पेशींच्या तपासणीची) बायोप्सीशी तुलना करणारे प्रबंध ‘बायोप्सी उपलब्ध असलेल्या केसेस’ घेऊन करणाऱ्या पॅथॉलॉजीच्या मित्रांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, तुम्हाला त्या माहीत आहेत, फक्त सही करताना आपण तिकडे पाहत नाही.

कट-ऑफ, म्हणजे ज्या आकड्यापासून पॉझिटिव्ह म्हणायचं तो. शंभर रुग्णांचे आकडे गोळा करायचे, आरओसी कर्व्ह (वेगवेगळ्या कट-ऑफला सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटी किती येते त्याचा आलेख) काढायचा, त्याच शंभरांत सर्वांत छान बसणारा कट-ऑफ निवडायचा आणि त्याच शंभरांवर त्याची सेन्सिटिव्हिटी सांगायची. पेपर फोडून परीक्षा घेण्यासारखंच हे. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट रेशोवरचे (रक्तातल्या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तरावरचे) प्रबंध एकमेकांशेजारी ठेवून पाहा, प्रत्येकाचा कट-ऑफ वेगळा आणि प्रत्येकाचा ‘उत्कृष्ट’.

आंधळेपणा, म्हणजे नमुना कोणाचा हे वाचणाऱ्याला माहीत नसणं. विडालची गुठळी डोळ्यांनी वाचायची असते. ट्यूबवर ‘केस नं. १७’ लिहिलेलं असताना मीही ती थोडी जास्तच स्पष्ट पाहिली असणार. सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी हे शब्द वैद्यकात रूढ झाले ते येरुशल्मी यांच्या १९४७ मधल्या लेखामुळे, आणि तो लेख होता छातीच्या एक्स-रे वाचनावर. वाचणारा चुकतो, या काळजीतून ते शब्द रुजले. आपण शब्द ठेवले, काळजी सोडून दिली.

आकड्याची रुंदी. तीसपैकी २९ पॉझिटिव्ह म्हणजे ९६.७ टक्के, असं एका दशांशापर्यंत लिहिलेलं असतं. त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो) ८३ पासून जवळजवळ १०० पर्यंत जातो. सहा रुग्णांमागे एक सुटू शकतो असं म्हणायचं की एकही सुटत नाही असं? दशांश चिन्हाने हा प्रश्न सुटत नाही. आणि पी व्हॅल्यू! दोन गटांच्या सरासरीत फरक आहे, एवढंच ती सांगते. पुरुषांची आणि स्त्रियांची सरासरी उंची वेगळी असते, पी व्हॅल्यू कितीही लहान काढा, म्हणून उंचीवरून कोणी स्त्री-पुरुष ओळखत नाही.

किट फुकट मिळाले हे लिहिणं. कंपनीने शंभर टेस्ट फुकट दिल्या तर त्यात गैर नाही, रेसिडेंटच्या खिशाला दुसरं परवडत नाही. पण ते प्रबंधात कुठेतरी दिसलं पाहिजे. मी पाहिलेल्या प्रबंधांत ऋणनिर्देशात आईवडील, गाईड, एचओडी, वॉर्डबॉयसुद्धा असतात, कंपनी नसते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आदर्श आहे, आपल्या परिस्थितीत जमणार नाही. जमतं. जून २०२० मध्ये, कोविडच्या ऐन गडबडीत, आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) रॅपिड अँटिजेन टेस्टला परवानगी दिली, तेव्हाचं सूचनापत्र काढून वाचा. दोन स्वतंत्र ठिकाणी तपासून पाहिलं, स्पेसिफिसिटी ९९.३ ते १०० टक्के, सेन्सिटिव्हिटी ५०.६ ते ८४ टक्के, हे आकडे लपवले नाहीत. आणि त्यातून सरळ नियम काढला: पॉझिटिव्ह आलं तर पॉझिटिव्ह माना, पण लक्षणं असून निगेटिव्ह आलं तर आरटी-पीसीआर कराच. नियम किती पाळला गेला हा वेगळा विषय, त्यावर मी बोलायला लागले तर हे पत्र संपणार नाही. मुद्दा असा की पन्नास टक्क्यांची टेस्टसुद्धा उपयोगी पडते, ती पन्नास टक्क्यांची आहे हे ठाऊक असेल तर. त्याच्या दोनच महिने आधी परदेशातून आलेल्या अँटिबॉडी किटचे निकाल राज्याराज्यांत इतके विसंगत आले की ते परत करायला सांगावं लागलं होतं. शिकायला दोन महिने पुरले.

मागणं फार नाही. सिनॉप्सिसवर सही करण्याआधी विद्यार्थ्याला एक वाक्य लिहायला लावा: ही टेस्ट कोणत्या दारातून आलेल्या, कोणती तक्रार घेऊन आलेल्या माणसावर वापरायची आहे? ते वाक्य लिहिता आलं की केसेस आणि कंट्रोल्स हे दोन वेगळे ढीग राहतच नाहीत. त्या दारातून ओळीने येणारे सगळे घ्यायचे, कोणाला वगळलं ते लिहायचं, प्रत्येकाची नवी टेस्ट आणि प्रत्येकाची पक्की तपासणी करायची. साठ-सत्तर रुग्णच मिळतील, त्यातले आठ-दहाच पॉझिटिव्ह निघतील, सेन्सिटिव्हिटी साठ-पासष्ट टक्के येईल आणि इंटरव्हल भला रुंद निघेल. निघू द्या. तसा प्रबंध तुमच्याकडे परीक्षणाला आला तर ‘निकाल निराशाजनक’ असा शेरा मारू नका. टेस्टवरच्या अभ्यासात काय काय लिहायला हवं याची स्टार्ड नावाची यादी २००३ पासून आहे, २०१५ मध्ये ती तीस कलमांची झाली. प्रबंधाच्या मागे ती भरून जोडायला सांगा. दुसऱ्यांचे लेख पारखायला क्वाडास-२ आहे, २०११ चं. त्यातले चारच प्रश्न: रुग्ण कसे निवडले, नवी टेस्ट कशी वाचली, पक्की तपासणी कोणती, आणि मधल्या वाटेत कोण गळालं. रिव्ह्यू ऑफ लिटरेचरची पन्नास पानं कॉपी-पेस्ट होण्यापेक्षा पाच लेखांना हे चार प्रश्न विचारून झाले तर विद्यार्थी जास्त शिकेल.

एथिक्स कमिटीत बसणाऱ्यांना वेगळं सांगते. ज्या अभ्यासातून काहीच कळणार नाही हे आधीच ठाऊक आहे, त्यासाठी निरोगी माणसाच्या दंडातून पाच मिली रक्त काढणं हा नैतिकतेचाच प्रश्न आहे. संमतिपत्र मराठीत आहे का, हे तुम्ही पाहता. त्याच्या वरच्या पानावरचा स्टडी डिझाइनचा परिच्छेदही पाहा.

तो सेप्सिसवाला मुलगा परवा पुन्हा आला होता. आता तो तापाने इमर्जन्सीत येणारे सलग रुग्ण घेणार आहे, मार्कर आणि कल्चर दोन्ही सर्वांचं, आणि कट-ऑफ किटवर छापला आहे तोच. त्याच्या गाईडने विचारलं म्हणे, “केसेस किती आणि कंट्रोल्स किती ते आधी सांग, फॉर्मवर रकाना आहे.” रकाना खरंच आहे. तेवढा तुमच्यापैकी ज्यांच्या हातात आहे त्यांनी बदलावा.

आणि जर्नल क्लबसाठी एखादा प्रबंध फाडायला हवा असेल तर माझा घ्या. १९८८ चा, हिरव्या रेक्झिनचा, कपाटाच्या खालच्या कप्प्यात असेल. कंट्रोल्सचा परिच्छेद पान ३४ वर आहे.

आपली,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र शिक्षिका